माध्यम : इंग्रजी

मी २०१४ साली तलासरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवायला लागले. राहायला डहाणूत, शिकवायला तलासरीत. सकाळची एसटी, ती चुकली तर जीप. पहिली चार वर्षं मी पुस्तक शिकवलं, पेपर तपासले, निकाल लावले, आणि मनातून सतत घाबरत राहिले की एक दिवस कुणीतरी येऊन विचारेल, बाई, तुम्ही या मुलांना नेमकं काय शिकवलंत? तसं घाबरायचं काही कारण नव्हतं. स्वभावच तसा. गॅस बंद केला का हे बघायला मी एसटी स्टँडवरून परत घरी गेलेली बाई आहे.

२०१८च्या दिवाळीनंतर प्राचार्यांनी एक पत्रक माझ्यापुढे ठेवलं. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या कॉलेजने बारावी कॉमर्ससाठी व्यवसाय स्पर्धा ठेवली होती. दोघांची जोडी करायची. आधी शंभर बहुपर्यायी प्रश्नांचा एक तासाचा पेपर : बाजारपेठ, जाहिरात, बँक, जीएसटी, गिऱ्हाइकांशी वागणूक. दोघांचे गुण एकत्र धरून वीस जोड्या पुढे जाणार. दुसऱ्या फेरीत एक कागद मिळणार, त्यावर एखाद्या धंद्याची अडचण लिहिलेली. दहा मिनिटं विचार करायचा आणि मग परीक्षकालाच त्या धंद्याचा मालक समजून त्याच्याशी बोलायचं.

"आपल्याकडून आजवर कुणी गेलेलं नाही," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही न्या."

मी दोन मुली निवडल्या. एक अच्छाडची. तिची आई हायवेवर, तपासणी नाक्याच्या अलीकडे चहाची टपरी चालवायची. घरी गुजराती, ड्रायव्हरांशी हिंदी, वर्गात मराठी, आणि तिन्हींत तोंड सारखं चालू. दुसरी कैनाडची. आईवडील भातशेती करणारे. ही मुलगी प्रश्न विचारल्यावर इतका वेळ गप्प राहायची की नव्या शिक्षकांना वाटायचं, हिला येत नाही. तेवढ्या वेळात ती उत्तर नीट तपासून घेत असायची. नावांऐवजी मी त्यांना गावांनीच हाक मारायचे, अजूनही मनात तशाच आहेत.

तयारी सुरू केली आणि आठवड्याभरात धक्के सुरू झाले. त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीत जमीन हलत होती हे सगळ्यांनाच आठवत असेल. आधी खालून गडगड, मग भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, मांडणीवरची भांडी वाजायची. कधी दिवसातून एकदा, कधी तीनदा. लोकांनी खाटा अंगणात काढल्या. वसतिगृहातल्या मुली घरी गेल्या. कैनाडची त्यांतलीच एक, आता ती रोज दोन जीप बदलून यायला लागली. कॉलेजने वर्ग बाहेर काढले. आमचा वर्ग मैदानातल्या चिंचेखाली, फळा खुर्चीला टेकवलेला. मुलांना एकच नियम घोकून घेतला होता : हलल्यासारखं वाटलं की हातातलं टाकायचं आणि मोकळ्यावर पळायचं. विचार करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही.

असे दिवस चाललेले असताना डिसेंबरच्या शेवटी हॉल तिकिटं आली. परीक्षेला बारा दिवस होते. मी स्टाफरूममध्ये पाकीट फोडलं, नावं तपासली, आसन क्रमांक बघितले, आणि खालच्या ओळीवर नजर गेली.

माध्यम : इंग्रजी.

दोघी पहिलीपासून मराठी माध्यमात शिकलेल्या. आम्ही तयारी मराठीत करत होतो. मागणी, पुरवठा, नाशवंत माल, ख्याती, घाऊक व्यापारी. सगळं पाठ, सगळं मराठीत.

चूक कुठे झाली हे मला शोधावं लागलं नाही. फॉर्म मीच भरला होता, स्टाफरूममधल्या याच टेबलावर बसून. माध्यमापुढे दोन चौकोन होते. माझं पेन मराठीवर आलं होतं, थांबलं होतं आणि पुढे सरकलं होतं. ते का सरकलं हेही मला माहीत होतं. एम.कॉम. करताना मुंबईत माझ्या उच्चारांवर मागच्या बाकावरून हसायचे. मी 'स्टॉक' म्हटलं की 'ष्टाक' असा प्रतिध्वनी यायचा. फॉर्म भरताना वाटलं, मराठीवर खूण केली तर हा कागद उघडणारा माणूस म्हणेल, आले तलासरीचे. तेवढ्या एका क्षणासाठी मी खूण केली होती आणि नंतर विसरून गेले होते. विसरले, की विसरायचं ठरवलं, ते आजही नक्की सांगता येत नाही.

मी त्या कॉलेजला फोन लावला. तिकडचे गृहस्थ शांत होते. "प्रश्नपत्रिका छापायला गेल्या, मॅडम. बदल होणार नाही. फॉर्म तुम्हीच भरलाय ना?"

"हो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तेवढ्यात प्राचार्य आत आले. हातात हॉल तिकिटं बघून म्हणाले, "सगळं बरोबर आहे ना?"

"माध्यम चुकलंय, सर. त्यांच्याकडून."

इतकं सहज आलं तोंडातून. मग चिंचेखाली जाऊन मुलींनाही मी तेच सांगितलं. आयोजकांची चूक झाली आहे, आता पेपर इंग्रजीत येणार, आपण बघू काय करता येतं ते.

अच्छाडची उसळलीच. "असं कसं? नंबर द्या त्यांचा, मी बोलते."

"फोन झालाय माझा. ऐकत नाहीत."

कैनाडची काही बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तिचं ते नेहमीचं गप्प राहणं समजून मी फळ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी एकच फोन, वडिलांचा, तो बंद. आधी वाटलं जीप मिळाली नसेल. मग वाटलं आजारी असेल. आदल्या दुपारी जरा मोठा धक्का बसला होता, त्यामुळे मनात भिंती पडायला लागल्या. शिकवताना मी एकच वाक्य दोनदा फळ्यावर लिहिलं. शेवटचा तास दुसऱ्यांना देऊन निघाले आणि डहाणूत घरी न जाता कैनाडला जाणारी जीप धरली.

पाड्यावर पोचले तेव्हा त्यांच्या खळ्यावर झोडणी चालू होती. वडील भाताच्या पेंढ्या आपटत होते, आई दाणे झाडून घेत होती. घर जागेवर होतं. मुलगीही तिथंच होती, डोक्याला फडकं बांधून पेंढा रचत. मला बघून तिच्या आईने सूप बाजूला ठेवलं.

"बाई, तुम्ही एवढ्या लांब? बसा, बसा. पोरीने काय केलं?"

"काही नाही केलं. दोन दिवस आली नाही म्हणून बघायला आले."

"झोडणी आहे," आई म्हणाली. मग जरा आवाज खाली आणून, "पण आम्ही तिला राहा म्हटलं नव्हतं. आपणच राहिली. बोलत पण नाय."

धक्क्यांमुळे घरापुढे बांबूवर निळं प्लास्टिक टाकून त्यांनी मांडव केला होता. मला तिथल्या खाटेवर बसवलं. मुलीने पाणी आणून दिलं आणि समोर जमिनीवर बसली.

"तब्येत बरी आहे ना?"

"हो."

"जीप मिळत नाही का?"

"मिळते."

"मग?"

तिने पेंढ्याची एक काडी उचलली, तिचे बारीक तुकडे केले. मी थांबले. तिच्याशी बोलताना थांबावं लागायचं.

"मॅडम, चूक त्यांची नव्हती ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी तिथंच उभी होते. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायला आले होते. तुम्ही खूण केलीत ती मी बघितली."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्हाला वाटतंय आम्हाला जमेल."

ती उठली, घरात गेली आणि एक वही घेऊन आली. दोनशे पानी, कव्हर फाटलेली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तिने स्वतः लावलेले अर्थ. पेरिशेबल : चिकू, दूध, मासळी. होलसेलर : डहाणूचा चिकूवाला शेठ. गुडविल : नाव, लोक विचारत येतात ते. ब्रँड लॉयल्टी : आई दुसरा साबण घेत नाही. पानामागून पानं. कुठे स्पेलिंग चुकलेलं आणि मग लाल पेनाने सुधारलेलं.

"रोज दहा," ती म्हणाली. "जीपमध्ये करते. फॉर्म भरला त्या दिवसापासून."

मी वही चाळत राहिले कारण वर बघवत नव्हतं.

"परवा तुम्ही म्हणालात चूक झाली," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला तसं वाटतच नव्हतं."

तिथं अजून एक खोटं बोलता आलं असतं. मला वाटत होतंच गं, असं म्हटलं असतं तर बहुधा तिने मानलंही असतं. पण खळ्यावर तिचे वडील झोडायचे थांबून आमच्याकडे बघत होते, आणि वहीतलं ते गुडविल माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी तिला खरं सांगितलं. मुंबईतलं हसणं, ष्टाक, फॉर्म उघडणारा माणूस, सगळं. "तुम्हाला जमेल की नाही हा विचारच मी केला नव्हता," मी म्हटलं. "मी माझ्या लाजेचा विचार केला. आणि मग घाबरून त्यांच्यावर ढकललं."

तिच्या आईने गुळाचा कोरा चहा आणून दिला तो हातात तसाच राहिला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "झोडणी आज संपेल. उद्या येते. पण तिलाही सांगा."

तिला सांगणं जास्त अवघड गेलं. अच्छाडची ऐकता ऐकता उभी राहिली. "मॅडम! मी तीन दिवस त्या लोकांना शिव्या घालतेय. आईला सांगितलं, टपरीवर सगळ्यांना सांगितलं!" ती तडक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. अर्ध्या तासाने आली आणि माझ्याकडे न बघता कैनाडचीला म्हणाली, "तुझी वही दे."

उरलेल्या नऊ दिवसांत मी शिकवलं कमी आणि त्या वहीने जास्त. कैनाडची शब्द विचारायची, अच्छाडची वाक्य करून सांगायची. तिची वाक्यं सगळी टपरीवरची. दूध पेरिशेबल, बिस्किट नॉट पेरिशेबल. डिमांड सकाळी हाय, दुपारी लो. मी सराव प्रश्नपत्रिका इंग्रजीत करून आणायचे आणि रोज गुण मोजायचे. पहिल्या दिवशी अच्छाडचीचे शंभरात एकतीस, दुसऱ्या दिवशी सव्वीस. सव्वीस बघून ती म्हणाली, "मॅडम, मी मागे चाललेय." मी हसले, पण त्या दिवशी एसटीत माझा थांबा निघून गेला तरी मला कळलं नाही. हिला नेऊन मी हिची फजिती करणार आहे, आणि ती फजिती हिला जन्मभर पुरणार आहे, एवढंच डोक्यात. मला पुरली होती तशी.

परीक्षा जानेवारीत, एका शनिवारी. सकाळच्या गाडीने हायवेने निघालो. चारोटीच्या आधीच अच्छाडचीला उलटी झाली. कैनाडचीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खिडकी उघडून दिली. वही मात्र दोघींपैकी कुणीच उघडली नाही.

त्या कॉलेजची इमारत मोठी होती. हॉल पहिल्या मजल्यावर. मुलं ब्लेझर घालून आलेली, त्यांचे शिक्षक आपापसात इंग्रजीत बोलणारे. मी हॉलबाहेरच्या बाकड्यावर एका टोकाला बसले. एका मॅडमनी विचारलं, कुठून आलात? तलासरी म्हटल्यावर त्या "ओह" म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

पेपर सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. लाइट गेली. पाठोपाठ खाली कुठेतरी जनरेटर सुरू झाला. मोठा असावा, कारण गडगड झाली आणि बाकड्याखालची फरशी थरथरली. मी स्वतः अर्धी उठले होते. तेवढ्यात हॉलचं दार धाडकन उघडलं आणि माझ्या दोन मुली बाहेर पळत आल्या. कैनाडचीच्या हातात पेन तसंच. अच्छाडचीच्या एका पायात चप्पल नाही. जिन्यापर्यंत पोचल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मागे कुणीच पळत नाही. हॉलमधून हसण्याचा आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा होता.

पर्यवेक्षक बाई मागोमाग बाहेर आल्या. "पेपर टाकून कुठे निघालात? हॉल सोडला, आता आत येता येणार नाही. नियम आहे."

मुली भिंतीला टेकून उभ्या. मी पुढे झाले.

"मॅडम, या तलासरीच्या आहेत. तिकडे रोज जमीन हलते. हललं की पळायचं, असं आम्हीच शिकवलंय त्यांना. चूक असेल तर आमची आहे."

बाई थांबल्या. त्यांनी दोघींकडे बघितलं, मग खाली, चप्पल नसलेल्या पायाकडे. "बातम्यांत वाचलं मी," त्या म्हणाल्या. "रोज?"

"रोज."

त्यांनी घड्याळ बघितलं. "चला आत. वेळ वाढवून मिळणार नाही. आणि पोरींनो, हा जनरेटर आहे. परत वाजेल."

पाच मिनिटं गेली होती. उरलेला वेळ मी बाकड्यावर बसले नाही. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले, आणि जनरेटर थांबला, पुन्हा सुरू झाला, तेव्हा दाराकडे बघत जागच्या जागी उभी राहिले. दार उघडलं नाही.

बाहेर आल्यावर मी काही विचारणार नव्हते. तसं ठरवलं होतं. अच्छाडचीनेच सांगितलं, "मी सगळे गोल काळे केले, मॅडम. शेवटचे दहा वाचलेच नाहीत, नुसते काळे केले."

"आणि तू?"

कैनाडची नेहमीइतका वेळ थांबली. "सहा सोडले. बाकीचे येत होते."

दुपारी यादी लागली. वीस जोड्यांत आम्ही एकोणिसाव्या. मी यादी तीनदा वाचली, मग आसन क्रमांक हॉल तिकिटाशी ताडून बघितले, मग शेजारच्या एका सरांना वाचायला लावली. अच्छाडचीने किंचाळून कैनाडचीला मिठी मारली. मी तिथल्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या फेरीत शिक्षकांना आत सोडत नव्हते, त्यामुळे तिथलं मला परतीच्या गाडीत कळलं. भाषा कुठलीही चालेल असं परीक्षकांनी आधीच सांगितलं होतं. कागदावर एक फरसाणवाला होता. त्याने जुनं लहान दुकान सोडून जवळच मोठं दुकान घेतलं, माल तोच, भाव तोच, पण जुनी गिऱ्हाइकं येईनाशी झाली. कैनाडचीने इंग्रजीत सुरुवात केली. चार वाक्यं नीट गेली, पाचव्यात अडली, मग मराठीत पुढे गेली. तेवढ्यात अच्छाडचीने परीक्षकांना सरळ विचारलं, "शेठ, जुन्या दुकानापुढे बाकडं होतं का?"

परीक्षक गोंधळले. "कागदावर तसं काही नाही. का?"

"असणार. लोक नुसते फरसाणला येत नाहीत. जरा टेकतात, पाणी पितात, बोलतात. तुमचं नवीन दुकान काचेचं असेल. काचेच्या दारातून माणूस काम असल्याशिवाय आत येत नाही. बाहेर बाकडं टाका, माठ ठेवा. महिन्याभरात येतात की नाही बघा."

"हे तुम्हाला कुठून माहीत?" परीक्षकांनी विचारलं म्हणे.

"आमच्याकडे बाकडं तुटलं होतं तेव्हा आईने दोन दिवसांत नवीन करून घेतलं. उगीच कशाला करेल?"

आमचा सातवा नंबर आला. बक्षीस पहिल्या तिघांना होतं. आम्हाला प्रमाणपत्रं मिळाली, त्यात अच्छाडचीच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तलासरीला तिची आई, तिच्या गुजरातीत 'बा', घ्यायला आली होती.

"किती नंबर?"

"सातवा, बा."

"कितीमधून?"

"लई होते. ब्लेझरवाले."

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "बाई, हिने तिथं काही खाल्लं का नाही?"

सोमवारी मी प्राचार्यांकडे जाऊन फॉर्मचं खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "आयोजकांना मी तक्रारीचं पत्र लिहून ठेवलंय. पाठवलं नव्हतं अजून." त्यांनी खणातून ते काढून माझ्यासमोर फाडलं. पुढे आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते योग्यच होतं.

फेब्रुवारीत आणखी मोठे धक्के बसले, मग बारावीची परीक्षा आली, आणि ती स्पर्धा सगळ्यांच्या मागे पडली. दोघी पास झाल्या. अच्छाडचीने आईबरोबर टपरीवर पूर्ण वेळ बसायचं ठरवलं आणि बाहेरून बी.कॉम.चा फॉर्म भरला. कैनाडची डहाणूच्या कॉलेजात गेली. तिने इंग्रजी माध्यम घेतल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं आणि मी दोन दिवस अस्वस्थ होते.

२०१९च्या पावसाळ्यानंतर ती मला डहाणू स्टँडवर भेटली. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आली होती. अभ्यास कसा चाललाय म्हटल्यावर म्हणाली, अर्थशास्त्र जड जातंय.

"किती जड? सरांना विचारलंस का? नोट्स आहेत ना? रविवारी घरी ये, मी बघते."

ती थांबली, तिच्या पद्धतीने.

"शिकवणार असाल तर येते, मॅडम. काळजी करणार असाल तर नको."

"शिकवीन," मी म्हटलं.

रविवारी नऊ वाजता ती आली. आम्ही जेवणापर्यंत मागणीची लवचिकता केली. मधे दोनदा मला तिला विचारावंसं वाटलं, नापास झालीस तर काय करशील? पण विचारलं नाही.